‘एक्स्ट्राऑर्डिनरी टेल्स’: एडगर ॲलन पोच्या पाच भयकथांचा ॲनिमेशनपट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भयपटांच्या गप्पांमध्ये या चित्रपटाचं नाव निघालं की प्रश्न साधारण तेच येतात: लहान मुलांना दाखवू का, कथा आधी वाचाव्या लागतात का, ते प्रेत बोलतं तो काय प्रकार आहे. उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कथांचे शेवट शक्यतो फोडलेले नाहीत. पण या कथा पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत, त्यामुळे थोडंफार कानावर येणारच.

हा चित्रपट नेमका काय आहे?

अमेरिकन लेखक एडगर ॲलन पो याच्या पाच कथांचा ॲनिमेशनमधला संग्रह. दिग्दर्शक राऊल गार्सिया, मूळचा स्पेनचा, डिस्नेमध्ये ॲनिमेटर म्हणून काम केलेला. त्याने आधी ‘द टेल-टेल हार्ट’ हा एकच लघुपट केला, तो २००५ चा. मग एकेक कथा जोडत संपूर्ण चित्रपट उभा राहिला आणि २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. लांबी सव्वा तासाच्या आतच आहे.

कथा या क्रमाने येतात: ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’, ‘द टेल-टेल हार्ट’, ‘द फॅक्ट्स इन द केस ऑफ एम. व्हाल्डेमार’, ‘द पिट अँड द पेंड्युलम’ आणि ‘द मास्क ऑफ द रेड डेथ’. मधल्या दुव्यांसाठी स्मशानातल्या संवादाची एक चौकट आहे. तिच्याबद्दल पुढे.

मूळ कथा वाचलेल्या नसतील तर काही कळेल का?

चार कथा सहज कळतील. अडचण ‘अशर’ची आहे आणि नेमकी तीच पहिली आहे. मूळ कथेत घटना फार थोड्या घडतात, सगळा खेळ वातावरणाचा. बालमित्राच्या पत्रावरून निवेदक एका जुन्या वाड्यावर येतो. मित्र रॉडरिक विचित्र आजाराने पोखरला आहे: अळणी अन्नच चालतं, ठरावीक पोताचेच कपडे अंगाला सहन होतात, फुलांच्या वासाने जीव गुदमरतो, मंद उजेडही डोळ्यांना खुपतो. त्याची जुळी बहीण मॅडलिन त्याच घरात झिजते आहे. पो हे सगळं पानोपानी साचवत नेतो. पडद्यावर त्याला काही मिनिटंच मिळतात, त्यामुळे न वाचलेल्या माणसाला ‘हे सगळे इतके घाईत का आहेत’ असं वाटू शकतं.

म्हणून एकच कथा आधी वाचायची तर ‘अशर’ वाचा. बाकीच्या नंतर वाचल्या तरी बिघडत नाही.

मग क्रम बदलून पाहिलं तर चालेल?

चालेल, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी तेच सांगतो. ‘टेल-टेल हार्ट’ने सुरुवात करा. ती सगळ्यांत छोटी आणि सगळ्यांत नेमकी आहे. ती आवडली नाही तर उरलेला चित्रपट आवडण्याची शक्यता कमीच. मधल्या चौकटीचा धागा तुटेल, पण त्याने फारसं नुकसान होत नाही.

हा चित्रपट ‘कानांनी बघा’ असं का म्हणतात?

कारण पोची भीती सांगणाऱ्याच्या आवाजात असते. या पाचांतल्या चार कथांत कोणी ना कोणी ‘मी’ बोलतो आहे, आणि तो ‘मी’ किती भरवशाचा, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या डोक्यात सतत वळवळत राहतो. ‘मी वेडा नाही’ हे पटवून देण्यासाठी माणूस स्वतः केलेल्या खुनाचा बारीकसारीक तपशील शांतपणे सांगत सुटतो, यातच ‘टेल-टेल हार्ट’चा सगळा थरकाप आहे. चित्र कितीही सुंदर काढा, तो आवाज चुकला की कथा कोसळली.

गार्सियाला हे पक्कं ठाऊक असावं, कारण आवाज त्याने पारखून घेतले आहेत. ‘अशर’ला भयपटांतला नावाजलेला ब्रिटिश नट ख्रिस्तोफर ली. २०१५ च्या जूनमध्ये तो गेला, म्हणजे अमेरिकेत चित्रपट लागण्याच्या काही महिने आधी. त्याचा तो खर्जातला, कुठेही घाई नसलेला स्वर पोच्या लांबलचक वाक्यांना तोलून धरतो. ‘व्हाल्डेमार’ला ब्रिटिश नट ज्युलियन सँड्स. ‘पिट अँड द पेंड्युलम’ला मेक्सिकोचा दिग्दर्शक गिएर्मो देल तोरो. कथा स्पेनमधल्या तोलेदोच्या अंधारकोठडीत घडते, त्यामुळे त्याच्या इंग्रजीतला स्पॅनिश हेल तिथे शोभून दिसतो.

आणि ‘टेल-टेल हार्ट’ला बेला लुगोसी, १९३१ च्या चित्रपटातला ड्रॅक्युला. लुगोसी १९५६ मध्येच वारला. म्हणजे त्याचं जुनं ध्वनिमुद्रण शोधून त्यावर चित्रं चढवली आहेत. त्यातली खरखर घासूनपुसून काढलेली नाही आणि तेच उत्तम झालं. माणूस पलीकडच्या बाजूने बोलतो आहे असं वाटण्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. हेडफोन लावून ऐका. तो ‘मी’ शांतपणाचा दावा करतो आणि त्याच वाक्यात त्याचा श्वास चढतो.

‘मास्क ऑफ द रेड डेथ’मध्ये मात्र निवेदनच नाही. सगळी कथा चित्र आणि संगीतावर चालते. राजपुत्र प्रॉस्पेरोच्या तोंडी जे मोजकं बोलणं आहे ते अमेरिकन दिग्दर्शक रॉजर कॉरमनच्या आवाजात. हाच कॉरमन १९६० च्या दशकात पोच्या कथांवर ओळीने चित्रपट काढत होता, आणि त्यात ‘मास्क’ही होता, १९६४ साली.

प्रत्येक कथेची चित्रं इतकी वेगळी का?

मुद्दामच. ‘अशर’मधली माणसं लाकडातून कोरल्यासारखी दिसतात, गालांना कडा, नाकाला धार. ‘टेल-टेल हार्ट’ काळ्या-पांढऱ्यात आहे. अर्जेंटिनाचा चित्रकथाकार अल्बर्तो ब्रेच्या याच्या शैलीवर ते बेतलेलं आहे. अर्धा चेहरा शाईत बुडालेला, मधल्या राखाडी छटा जवळजवळ नाहीत. कंदिलाची झडप किंचित उघडून एकच तिरीप म्हाताऱ्याच्या डोळ्यावर टाकण्याचा जो प्रसंग आहे, तो या शैलीत जसा उतरतो तसा रंगात उतरलाच नसता.

‘व्हाल्डेमार’ हा १९५० च्या दशकातल्या अमेरिकन भयचित्रकथांच्या मासिकांना केलेला मुजरा आहे: भडक रंग, चौकटी. त्यातल्या संमोहनकाराचा चेहरा नीट बघा. कॉरमनच्या चित्रपटांतला नट व्हिन्सेंट प्राइस डोळ्यांसमोर येईल. ‘मास्क’ हलत्या रंगचित्रासारखं आहे, ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेची आठवण करून देणारं. हाडकुळी, वळलेली शरीरं आणि त्यांच्यावर उतू जाणारा रंग.

‘पिट’ मात्र वास्तवदर्शी संगणकीय ॲनिमेशनमध्ये केलं आहे, आणि माझ्या मते पाचांतला सगळ्यांत कच्चा दुवा तोच. मूळ कथेत कैद्याला काळोखात काहीच दिसत नाही, तो हातांनी चाचपडत, पावलं मोजत कोठडीचा आकार ठरवू बघतो. सगळं गुळगुळीत आणि स्पष्ट दाखवलं की त्या चाचपडण्यातली भीती निघून जाते. शिवाय संगणकीय चेहरे लवकर जुने दिसतात. शाईचे चेहरे तसे दिसत नाहीत.

कार्टूनच आहे ना? मुलांना दाखवू का?

नको. खून, प्रेताचे तुकडे, सडणं, छळ हे सगळं यात आहे, आणि ‘मास्क’मधल्या मेजवानीची काही दृश्यं कामुक आहेत. दहावीच्या पुढच्या, वाचायची आवड असलेल्या मुलामुलींबरोबर बसून बघायला हरकत नाही. त्याखाली नाही.

‘ॲनिमेशन म्हणजे मुलांचं’ हा समज पोच्या बाबतीत फार आधीच मोडला गेला आहे. १९५३ मध्ये अमेरिकेतल्या यूपीए स्टुडिओने ‘टेल-टेल हार्ट’वर आठेक मिनिटांचं व्यंगचित्र केलं, निवेदन ब्रिटिश नट जेम्स मेसनचं. ब्रिटनमध्ये त्याला ‘एक्स’, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालं. व्यंगचित्रपटाला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. अमेरिकेत त्याला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं.

खरंच भीती वाटते का?

किंकाळी फोडून दचकवणारं यात फार थोडं आहे. तशा अपेक्षेने बसलात तर वीस मिनिटांत मोबाइल हातात येईल.

नारायण धारपांवर वाढलेल्या वाचकांसाठी एक सूचना. धारपांच्या कथेत अमंगळ शक्ती बाहेरून येते आणि बऱ्याचदा तिच्याशी दोन हात करणारा कोणी समर्थ असतो. पोच्या जगात असं कोणी येत नाही. सुटका झालीच तर योगायोगाने होते, आणि संकट बहुतेक वेळा बोलणाऱ्याच्या डोक्यातच ठाण मांडून बसलेलं असतं. ज्यांना रत्नाकर मतकरींच्या गूढकथा जास्त भावल्या, त्यांना ‘टेल-टेल हार्ट’ लवकर जवळचं वाटेल: साधं घर, दोन माणसं, आणि एकाच्या मनात न कळत बसलेली अढी.

शेवट माहीत असेल तर मजा जाते का?

‘टेल-टेल हार्ट’मध्ये तरी नाही. खुनी सुरुवातीलाच सगळं कबूल करून टाकतो. सात रात्री तो मध्यरात्री म्हाताऱ्याच्या खोलीचं दार किलकिलं करतो. नुसतं डोकं आत घालायला तासभर घेतो. म्हाताऱ्याचा तो निळसर, पडदा आलेला डोळा मिटलेलाच असतो आणि डोळा मिटलेला असताना याच्याने काम होत नाही. आठव्या रात्री म्हातारा जागा होतो. पुढे पोलीस येतात, आणि हा बहाद्दर त्यांना त्याच खोलीत खुर्च्या देऊन बसवतो. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा टिकटिक आवाज पोनेच लिहून ठेवला आहे. ते किती मोठ्याने ऐकू यावं, एवढंच दिग्दर्शकाच्या हातात उरतं.

‘व्हाल्डेमार’मध्ये मरणाच्या दारातल्या माणसाला संमोहित करतात. हे पोने कुठून आणलं?

त्याच्या काळच्या चर्चेतून. मेस्मेरिझम, म्हणजे फ्रान्झ मेस्मरच्या नावाने चालत आलेली संमोहनाची पद्धत, १८४० च्या दशकात युरोप-अमेरिकेत गाजत होती. गुंगीचं औषध अजून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोचायचं होतं. ईथर वापरून केलेली बोस्टनची ती प्रसिद्ध जाहीर शस्त्रक्रिया १८४६ ची. त्यामुळे माणसाला नुसत्या हातवाऱ्यांनी बधिर करता येतं हा दावा बरेच शहाणेसुरते लोकही गंभीरपणे घेत.

यात आपल्याकडचा एक धागा आहे. जेम्स एस्डेल हा स्कॉटिश डॉक्टर १८४५ मध्ये बंगालमध्ये हुगळीला रुग्णांवर मेस्मेरिझम करून शस्त्रक्रिया करत होता. पुढच्या वर्षी कलकत्त्यात त्याला त्यासाठी एक प्रायोगिक रुग्णालयही मिळालं. पोची कथा छापून आली ती डिसेंबर १८४५ मध्ये. म्हणजे तिकडे अमेरिकेत पो कल्पनेतल्या रुग्णाला संमोहित करत होता, तेव्हा इकडे हुगळीच्या काठी खरे रुग्ण त्याच प्रयोगाखाली झोपत होते.

पोने कथा लिहिली तीही वैद्यकीय अहवालाच्या थाटात: नाडी कशी, फुप्फुसाची अवस्था काय, कोणत्या वेळी कोण हजर होतं. बऱ्याच वाचकांनी ती खरी घटना मानली. लंडनमध्ये तिची स्वतंत्र पुस्तिका निघाली. मरणाच्या क्षणी संमोहित केलेला माणूस सात महिने तसाच राहतो, आणि विचारलं तर उत्तर देतो. ते उत्तर काय आणि शेवटी काय होतं ते चित्रपटातच बघा. जेवताना बघू नका.

‘पिट अँड द पेंड्युलम’मधला इतिहास खरा आहे का?

स्पेनमध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणारं धर्मन्यायालय, होतं आणि ते कायमचं बंद झालं १८३४ मध्ये, कथा छापून येण्याच्या काही वर्षंच आधी. कथेत उल्लेख असलेला सेनापती लासाल हाही नेपोलियनच्या सैन्यातला खरा माणूस. बाकी, वरून हळूहळू खाली येणारं ते धारदार लंबक आणि आत सरकणाऱ्या तापलेल्या भिंती यांतून इतिहास शिकायला जाऊ नका. पोला छळाची नोंद करायची नव्हती. मरण डोळ्यांदेखत इंचाइंचाने येत असताना डोकं कसं हिशेब करत राहतं, ते त्याला हवं होतं. बांधलेला कैदी उरलेलं मांस दोऱ्यांना चोळतो, कोठडीतले उंदीर त्या दोऱ्या कुरतडायला येतात, आणि अंगावरून उंदीर फिरत असताना त्याला निश्चल पडून राहावं लागतं. किळस आणि आशा एकाच वेळी.

‘रेड डेथ’ म्हणजे कोणता रोग?

कोणताच नाही, पोने बेतलेला. पण साथीचा त्याला अनुभव होता: १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला बाल्टिमोरमध्ये कॉलरा पसरला तेव्हा तो त्याच शहरात होता. आणि क्षय तर घरातच शिरला होता.

कथा अशी: राज्यात साथ, आणि राजपुत्र हजारभर सरदार-दरकदारांना घेऊन किल्लेवजा मठात जाऊन बसतो. दरवाजे आतून वितळवून बंद. बाहेरच्यांनी आपलं बघून घ्यावं. मग मुखवट्यांची मेजवानी. सात दालनं, पूर्वेकडून पश्चिमेकडे: निळं, जांभळं, हिरवं, नारिंगी, पांढरं, गर्द जांभळट, आणि शेवटचं काळं. सहा दालनांच्या खिडक्या त्या त्या दालनाच्या रंगाच्या. काळ्याच्या मात्र रक्तासारख्या लाल. त्यात शिसवी घड्याळ. तासाला ठोका पडला की वादक थांबतात, नाचणारे गोठतात, चेहरे उतरतात. ठोके संपले की सगळे एकमेकांकडे बघून उगाच हसतात आणि पुन्हा नाच सुरू.

करोनानंतर ही कथा वाचणाऱ्याला तिच्यावर वेगळं भाष्य लागत नाही. चित्रपटातला हा भाग चित्र म्हणून सगळ्यांत देखणा आहे. निवेदन काढून टाकण्याचं धाडसही इथेच चालून जातं, कारण या कथेतला ‘मी’ मूळातही जवळजवळ अदृश्यच आहे.

मधला तो डोमकावळा कोण? आणि पुतळे का बोलतात?

कावळा म्हणजे खुद्द पो. १८४५ च्या जानेवारीत छापून आलेल्या ‘द रेव्हन’ या कवितेने तो रातोरात गाजला, त्यामुळे पक्षी तोच. स्मशानातल्या पुतळ्यांमधून मृत्यू बोलतो, स्त्रीच्या आवाजात, आणि दोघांचा वाद चालतो: तू आयुष्यभर माझ्याबद्दल लिहिलंस, मग आता येत का नाहीस? (पिंडाला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या आपल्या लोकांना हा प्रसंग फारच ओळखीचा वाटतो. पो अर्थात त्या अर्थाने कावळा झालेला नाही.)

कल्पना चांगली, संवाद मात्र पाठ्यपुस्तकी. पोचं आयुष्य माहीत असेल तर ते जरा सुसह्य होतात. तो तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा आई गेली. बायको व्हर्जिनिया १८४७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयाने गेली. तो स्वतः १८४९ च्या ऑक्टोबरमध्ये बाल्टिमोरमध्ये भ्रमिष्ट अवस्थेत सापडला आणि चारच दिवसांत गेला. वय ४०. मृत्यूचं कारण आजवर ठरलेलं नाही.

इंग्रजी जड जातं. काय करावं?

इंग्रजी सबटायटल्स लावा आणि लाजू नका. पोचं इंग्रजी त्याच्या काळातही जडच होतं. लुगोसीच्या भागात तर उच्चार आणि खरखर दोन्हींमुळे ती लागतातच. मूळ कथांचे स्वामित्वहक्क केव्हाच संपले आहेत, त्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर त्या फुकट वाचता येतात. ‘टेल-टेल हार्ट’ तर चहा गार व्हायच्या आत वाचून होते.

सलग बघावा की तुकड्यांत?

मी तुकड्यांत म्हणेन. कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि मनावर एकच ठसा उमटावा, असं पोचंच मत होतं. १८४२ मध्ये अमेरिकन लेखक हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना त्याने ते मांडलं आहे. पाच ठसे सव्वा तासात एकावर एक मारले तर सगळेच पुसट होतात. रात्री एक किंवा दोन, बस्स.

मोबाइलवर चालेल?

नाइलाज असेल तर. पण ‘टेल-टेल हार्ट’ ट्यूबलाइटखाली बघितलं तर अर्धं चित्र दिसणारच नाही, त्यात नुसतं तुमचंच प्रतिबिंब. दिवे घालवा, हेडफोन घ्या.

कुठे बघायला मिळतो?

ओटीटीवरचे हक्क सतत हात बदलतात, त्यामुळे इथे एका ॲपचं नाव लिहिण्यात अर्थ नाही. इंग्रजी नाव आणि दिग्दर्शकाचं नाव दोन्ही टाकून शोधा. नुसत्या नावाने भलतेच चित्रपट पुढे येतात.

आवडला. आता पुढे काय?

आधी १९५३ चं यूपीएचं ‘टेल-टेल हार्ट’. एकच कथा दोन काळांतले ॲनिमेटर कशी ऐकतात ते लगोलग समजतं. मग चेक दिग्दर्शक यान श्वान्कमायेरचे दोन लघुपट: १९८० चं ‘अशर’, ज्यात माणसंच नाहीत, नुसत्या भिंती, चिखल आणि हलणाऱ्या वस्तू, आणि १९८३ चं ‘पिट’वरचं काम, जिथे कॅमेराच कैद्याचे डोळे होतो. गार्सियाच्या ‘पिट’मध्ये जे निसटलं ते सगळं यात सापडतं. कॉरमनचे चित्रपट शेवटी ठेवा, तेही ‘मास्क’पासून सुरू करून. त्यातला व्हिन्सेंट प्राइस बघून झाला की ‘व्हाल्डेमार’ पुन्हा एकदा लावा.